बर्फ आमच्या हक्काचा

मंगळवार पेठेतल्या त्रिशला मगदूम बाईंना राग येण्यासाठी मोठं कारण कधीच लागलं नाही. भारताच्या नकाशात एखादी मुलगी अंदमान काढायला विसरली, की तिने ती बेटं परस्पर विकून खाल्ल्यासारख्या बाई तिच्याकडे बघायच्या. भाजीवाल्याने साताऱ्याकडचा माल महाबळेश्वरचा म्हणून पुढे केला, तर भर मंडईत त्याला उंची, हवामान आणि मातीसकट ऐकून घ्यावं लागे. बत्तीस वर्षं मुलींच्या एका हायस्कुलात त्यांनी भूगोल शिकवला. भूगोलात खोटं बोलणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूपेक्षाही खालचा. खिसेकापू निदान एकाचं नुकसान करतो, हा सगळ्या वर्गाचं करतो, असं त्या म्हणत.

म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. याच बाई बत्तीस वर्षं, दर वर्षी आठवीच्या वर्गात उभं राहून, एक धडधडीत खोटं सांगत आल्या होत्या.

त्याची सुरुवात नोकरीच्या पहिल्याच वर्षी झाली. हिमवर्षावाचा धडा होता. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका तास बघायला बसलेल्या. बाई सव्वीस वर्षांच्या, खडू सारखा मोडत होता. तेवढ्यात एका कार्टीने हात वर केला.

“बाई, तुम्ही बघिटलाय काय बर्फ?”

“हो,” बाई म्हणाल्या.

“कुठं?”

“सिमल्याला. लहानपणी, वडिलांबरोबर.”

आता बाईंचे वडील शिरोळकडचे ऊसवाले. आयुष्यात सर्वांत लांब गेले ते जैनांच्या शिखरजीच्या यात्रेला, आणि आल्यावर महिनाभर तिथल्या उकाड्याची तक्रार करत बसले. सिमला त्यांनी कॅलेंडरवरसुद्धा नीट बघितलं नसेल. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली, मुलींचे डोळे मोठे झाले आणि बाईंनी पुस्तकातला बर्फ आपल्या बालपणावर पाडायला सुरुवात केली. पिंजलेल्या कापसासारखा, आवाज न करता उतरणारा, हातावर घेतला की सहा पाकळ्या स्पष्ट दिसणारा. तास इतका रंगला की घंटा झालेली कुणाला कळली नाही.

पुढे दर वर्षी कुणीतरी विचारायचंच. दर वर्षी बाई सांगायच्याच. कधी त्यात वडिलांची टोपी उडून जायची, कधी गरम दुधाचा पेला यायचा. लग्न होऊन गेलेल्या मुली मंडईत भेटल्या की म्हणायच्या, “बाई, तुमचा सिमल्याचा बर्फ अजून आठवतोय बघा.” त्या दिवशी बाई घरी येऊन भांडी आपटायच्या.

राग कुणावर काढणार? नवऱ्यावर. नेमिनाथ मगदूम हा खतांच्या दुकानातला शांत माणूस. दर उन्हाळ्यात बाई म्हणायच्या, चला, एकदा बर्फ बघून येऊ. तो म्हणायचा, “फ्रीजचं वरचं दार उघड आणि बघत बस. भाडं पडत न्हाय.” त्यातली मेख अशी की त्या फ्रीजमध्येही बर्फ नव्हता. सासूबाईंच्या मते बर्फात असंख्य जीव असतात, जैनाच्या घरात तो अभक्ष्य. त्यामुळे बर्फाचा ट्रे कपाटात गेला आणि त्याच्या खणांत सुया, बटणं आणि हुक राहायला आले. सगळ्या शाळेत सिमल्याचा बर्फ बघितलेली एकच बाई, आणि तिच्या घरात सरबतात टाकायला खडा नाही.

या बत्तीस वर्षांत एकदाच, फक्त एकदाच, खोटं पकडलं गेलं होतं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. वर्षाराणी नावाची एक मुलगी शाहूवाडीकडून आत्याकडे शिकायला आली होती. काटकुळी, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, बोलणं दगडासारखं. बाई सिमल्याच्या बर्फात रंगल्या होत्या आणि ही उभी राहिली.

“बाई, गेल्या साली माझ्या आतेभणीच्या वर्गात तुम्ही कुलू सांगिटलासा. आता सिमला कसं काय म्हणता?”

 पोरीच्या चेहऱ्यावर खवचटपणा असता तर एक वेळ बाईंना सोसला असता. तिथे नुसता प्रश्न होता. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “शिक्षकांना खोटं ठरवतेस? बाहेर उभी राहा. आठवडाभर माझ्या तासाला वर्गात पाऊल टाकायचं नाही.” आणि ती पोरगी सोमवार ते शनिवार, भूगोलाचा तास आला की निमूट उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. दिवाळीनंतर ती शाळेतच आली नाही. गावाकडे परत गेली म्हणे. का गेली, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांना कुणी विचारलं असतं, तर असली मुलगी आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं असतं. पण ती त्यांना चांगली आठवत होती, अगदी वेण्यांच्या लाल रिबिनीसकट.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी अवंतिका घरी आली. अवंतिका वर्षाराणीच्याच वर्गाची मॉनिटर, आता स्वतःची पॅथॉलॉजी लॅब चालवणारी, चाळिशीची बाई. तिच्या हातात सहलीचं पत्रक होतं. फक्त महिलांची सहल, कोल्हापूरहून रेल्वेने दिल्ली, पुढे बसने मनाली. सोबत आपला आचारी, आपलं जेवण. आणि पत्रकाच्या मधोमध ठसठशीत अक्षरांत: ‘बर्फ दाखवणारच!’

“बाई, तुम्ही पाहिजेच,” अवंतिका म्हणाली. “आमच्यात बर्फ बघितलेलं तुमच्याशिवाय हाय कोण?”

बाईंना हसावं की रडावं कळेना. पण मनात एक गोष्ट पक्की झाली. एकदा, एकदाच तो डोळ्यांनी बघायचा. बत्तीस वर्षांचं खोटं उशिरा का होईना खरं करून टाकायचं. सिमला नाही तर मनाली, बर्फ तो बर्फ. मग पुढे कुणी मंडईत भेटलं तर भांडी आपटायला नकोत. नेमिनाथांनी फ्रीजकडे बोट दाखवायच्या आत बाईंनी बॅग भरली.

फेब्रुवारीत एकतीस बायका निघाल्या. सहलीचा मॅनेजर उदयसिंह म्हणून एक तरणा गडी, गळ्यात शिट्टी. स्वयंपाकाला एक दणकट बाई, कानटोपी आणि मफलरात इतकी गुंडाळलेली की डोळे आणि नाक तेवढं दिसे. सगळे तिला आक्का म्हणायचे. बाईंनी तिच्याकडे फारसं बघितलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या नजरेत भरली. पहिल्या दिवसापासून, न सांगता, बाईंचं ताट सूर्य मावळायच्या आत तयार असायचं, आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा काही नसायचं.

“तुला कसं कळलं गं?” बाईंनी विचारलं.

“मगदूम म्हटल्यावर कळतंय की,” आक्का म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

इकडे अवंतिकेने रेल्वेतच बाईंची ओळख करून दिली होती. या आमच्या भूगोलाच्या बाई, यांनी लहानपणी बर्फ बघितलाय. झालं! तेव्हापासून बाई म्हणजे सहलीतल्या बर्फाच्या मामलेदार. स्वेटर किती घालायचे, बाईंना विचारा. बर्फाला वास असतो का, बाईंना विचारा. बाहत्तर वर्षांच्या चिमणाबाई तर बर्फात चप्पल घालावी की देवासारखी बाहेर काढून ठेवावी, हेही विचारून गेल्या. बाई सगळ्याला उत्तर देत होत्या. देत होत्या आणि आतल्या आत चिडत होत्या, की या बायकांना स्वतःचं डोकं म्हणून काही आहे की नाही.

मनालीत पोहोचल्यावर कळलं की यंदा थंडी कोरडी गेली आहे. गावात बर्फाचा कण नाही. उदयसिंहाने शिट्टी वाजवून सांगितलं, “काळजी करायची न्हाय. उद्या सकाळी वर जायचं. वाटंत एका ठिकाणी थोडा बर्फ हाय, तिथं फोटो काढायचं. मग लहान गाड्या करून वरच्या खिंडीकडं. तिथं ढीगच्या ढीग. फक्त एक वाजायच्या आत नाक्यावर पोचाय पाहिजे. त्यानंतर गाड्या सोडत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी वाटेत सगळ्यांना भाड्याचे कोट आणि गमबूट चढवले. ते कोट किती जणांच्या अंगावरून आले होते देव जाणे. बाईंच्या वाट्याला जांभळा आला, त्याची चेन मोडलेली आणि खिशात कुणाची तरी अर्धी चिक्की. इथेच बाईंचं डोकं तापायला सुरुवात झाली. पत्रकात ‘उबदार पोशाख’ लिहिलं होतं, आणि हातात आलं हे.

साडेदहाला बस थांबली. बायका घाईने उतरल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

रस्त्याच्या कडेला, डोंगराच्या सावलीत एक लांबलचक ढीग पडला होता. राखाडी. वर मातीचे पट्टे, घोड्यांची लीद, चिप्सची रिकामी पाकिटं. त्यावर एक माणूस मक्याची कणसं भाजत उभा होता.

“ह्यो काय?” चिमणाबाई म्हणाल्या.

“बर्फ,” उदयसिंह म्हणाला.

“ह्यो? आमच्या गल्लीत रस्त्याचं काम चाललंतं तवा असला ढीग पडलाता.”

बाकीच्या तीस माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. अवंतिका म्हणाली, “बाई, तुम्ही बघितलाय. तुम्हीच सांगा. हा बर्फच हाय काय?”

बाई पुढे झाल्या. वाकून त्यांनी ढिगाला हात लावला. हाताला खरखरीत लागलं, जाड्या मिठासारखं. चिमटीत घेतलं तर टणक दाणे. सहा पाकळ्या नाहीत, कापूस नाही, काहीच नाही. बाईंच्या डोळ्यांपुढे आठवीचं पुस्तक उभं राहिलं, चित्रासकट, आणि त्या पुस्तकाचा एवढा ढळढळीत अपमान त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता. बत्तीस वर्षं वाट बघून हे? फसवणूक करायची ती करायची, तीही भूगोलाच्या शिक्षिकेची?

“हा बर्फ नव्हे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा वर्गातला आवाज डोंगरावर आपटून परत आला. “हा कारखान्यातला बर्फ आहे. लाद्या फोडून इथे आणून टाकलाय. मासळीच्या पेटीत घालतात तो. खरा बर्फ मऊ असतो, पिंजलेल्या कापसासारखा. मी बघितलाय, मला सांगू नका!”

“बाई, आवो खराच हाय,” उदयसिंह काकुळतीला आला. “जुना झालाय म्हणून...”

“बर्फ जुना होतो? लोणचं आहे का ते?”

बायका हसल्या आणि मग भडकल्या. आता कोल्हापूरच्या माणसाला फसवलं गेल्याचं कळलं की तो काय करतो, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. दुसऱ्या गावचे लोक तक्रार लिहितात, पैसे परत मागतात, नशिबाला बोल लावून पुढे जातात. कोल्हापूरकर जिथे असेल तिथे बसतो. पाण्यासाठी बसतो, टोलसाठी बसतो, उसाच्या दरासाठी तर बसतोच बसतो. चिमणाबाईंचं अर्धं आयुष्य कुठल्या ना कुठल्या मोर्चात गेलेलं. त्यांनी भाड्याचा कोट सावरला, पदर खोचला आणि त्या राखाडी ढिगावर फतकल मारली.

“बसा गं सगळ्या! खरा बर्फ दावल्याशिवाय उठायचं न्हाय!”

एकतीस बायका ओळीने बसल्या. बाई मधोमध. घोषणा काय तयार करायला लागतात होय? त्या तर कोल्हापूरकराच्या तोंडातच असतात.

“बर्फ आमच्या हक्काचा!”

“न्हाय कुणाच्या बापाचा!”

“कोण म्हणतंय दावत न्हाय?”

“बघितल्याबिगर जात न्हाय!”

कणीसवाला पळून गेला. घोडेवाले घोडी घेऊन बघायला आले. पुण्याची एक बस थांबली, खिडक्यांतून मोबाइल बाहेर आले. उदयसिंह एकेकीसमोर हात जोडत फिरत होता. “आवो वर चला की. वर ढिगानं हाय. एक वाजायच्या आत पोचाय पाहिजे. माझं ऐका.”

“आधी खोटा बर्फ दाखवलास, आता वरचं काय खरं?” बाई गरजल्या. “तुझ्या पत्रकात काय लिहिलंय? वाच! मोठ्याने वाच!”

त्याने बिचाऱ्याने वाचलंही. बाईंनी त्याला दोनदा वाचायला लावलं.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले, बारा वाजून गेले. उन्हं ढिगावर आली तशी काहीतरी गार गार झिरपायला लागलं. कोट भिजले, लुगडी भिजली. बसल्या जागी खळगे पडायला लागले आणि बायका हळूहळू खाली जायला लागल्या. चिमणाबाई तर कमरेपर्यंत रुतल्या होत्या, पण हटायला तयार नव्हत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. इथे तर कळशावर बसून गावाला शिव्या चालल्या होत्या. बाईंचा घसा बसला होता. असा स्वच्छ, धुतल्यासारखा राग त्यांना किती वर्षांत आला नव्हता. मनात कुठे खोट नाही, चूक सगळी समोरच्याची. या रागाची त्यांना ऊब वाटत होती.

साडेबाराच्या सुमाराला बसच्या मागून आक्का आली. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात भजी तळायचा मोठा झारा.  मग बाईंसमोर येऊन म्हणाली, “बाई, ह्यो बर्फच हाय.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“धा वर्सं झाली, दर साली मी हितं येतोय.” कोल्हापूरच्या बायका ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, बाईंनी त्यावर बत्तीस वर्षं लाल शाई खर्च केली होती. “पडून पंधरा दीस झाल्यावर ह्यो असाच हुतोय. दाणं धरतंय, माती बसती. खालचा बघा.”

ती वाकली आणि बाईंच्या शेजारी झाऱ्याने उकरायला लागली. वरचा काळा थर निघाला, मग राखाडी, मग मळकट. मग हातभर खाली एकदम पांढरं आलं. इतकं पांढरं की सगळ्यांनी डोळे बारीक केले. आक्काने झारा भरून वर काढला आणि बाईंच्या तोंडासमोर धरला. तो मऊ होता, भुसभुशीत होता आणि झाऱ्याच्या भोकांतून थेंब थेंब गळत होता.

घोषणा थांबल्या.

आक्काने मफलर खाली ओढला. कपाळावर घाम, गालावर चुलीचा एक जुना चट्टा, आणि चेहऱ्यावर कसलाही खवचटपणा नव्हता. नुसता प्रश्न.

“तुम्ही कुठला बघिटलाता बाई? सिमल्याचा का कुलूचा?”

ज्याच्यासाठी बाई बत्तीस वर्षं खोटं बोलल्या, तो बर्फ वीतभर अंतरावर झाऱ्यात होता, आणि बाईंना झारा धरणाऱ्या माणसाच्या तोंडाशिवाय काही दिसत नव्हतं. वेण्या गेल्या होत्या. डोळे तेच होते.

“वर्षाराणी,” बाईंच्या तोंडून आलं.

“व्हय. म्हटलं, वळखत न्हाईसा.” तिने झारा झटकला आणि किटली उचलली. “चला, चा घ्या. गारठून मराल.”

बस नाक्यावर पोहोचली तेव्हा दीड वाजला होता. लोखंडी दांडा आडवा पडलेला. उदयसिंह उतरून हात जोडून आला, फोन लावून आला, शेवटी मान खाली घालून आला. वर ढग उतरले होते. समोरून खाली येणाऱ्या गाड्यांच्या टपांवर चार-चार बोटं पांढरं साठलं होतं. वर बर्फ पडत होता. नुसता साचलेला नाही, पडत होता, आणि एकतीस बायका तो दुसऱ्यांच्या गाड्यांवर बघत बसल्या.

मग बसमध्ये जो कालवा झाला तो विचारू नका. आणि गंमत बघा, सगळा त्या उदयसिंहावर. “तुला नीट सांगाय येत न्हवतं?” “आधी उकरून दावायचं काम तुझं हुतं!” “मोठा मॅनेजर आलाय शिट्टी घेऊन!” चिमणाबाईंनी तर, कोल्हापूरला गेल्यावर याच्या हापिसासमोर बसू, असं जाहीरच करून टाकलं. बाईंना कुणी एक शब्द बोललं नाही. बाई शिकलेल्या, बाईंनी बर्फ बघितलेला, बाईंचं कसं चुकेल? तो गडी दाराजवळच्या सीटवर शिट्टीशी चाळा करत ऐकून घेत होता.

बाई खिडकीशी बसून होत्या. ओला कोट अंगाला चिकटला होता. राग अजून होताच, पण त्याला आता बसायला दुसऱ्या कुणाचं तोंड सापडत नव्हतं. उदयसिंहावर टाकावा तर तो खरं बोलला होता. वर्षाराणीवर टाकावा तर तीही खरं बोलली होती, आज आणि तेव्हाही. चोराच्या उलट्या बोंबा, हे वाक्य बाईंनी कितीतरी मुलींना ऐकवलं होतं. सव्विसाव्या वर्षी घाबरून बोललेलं एक खोटं सोडून देता आलं असतं. पण ते जपायला एका तेरा वर्षांच्या पोरीला आठवडाभर व्हरांड्यात उभं केलं, आणि साठीला एका पोटार्थी पोराला तीस बायकांकडून भाजून काढलं. बाईंना स्वतःची अशी चीड आली की त्या उठल्याच.

भेंड्या खेळायला बसमध्ये एक माइक होता. बाईंनी तो ड्रायव्हरच्या मागून काढून घेतला.

“गप्प बसा,” त्या म्हणाल्या. तीस बायका सवयीने गप्प बसल्या.

“मी त्रिशला मगदूम. मी सिमला बघितलेलं नाही. कुलू बघितलं ते काल, याच खिडकीतून. आजपर्यंत मी कधीही बर्फ बघितला नव्हता. बत्तीस वर्षं मी वर्गात खोटं सांगितलं. आज तुम्हाला तो पडताना बघायला मिळाला नाही, तो या पोरामुळे नाही. माझ्यामुळे. बोलायचं असेल तर मला बोला.”

 बाईंनी मागे बघितलं. सगळ्यात शेवटी, मोठ्या पातेल्यांजवळ वर्षाराणी बसली होती.

“आणि तू. त्या वर्षी तू बरोबर होतीस. बाहेर मी उभं राहायला हवं होतं. तुझी शाळा...” माइक बाईंच्या हातात करकरला. “तू शाळा त्यामुळे सोडलीस का?”

“न्हाय वो,” वर्षाराणी म्हणाली. “बा आजारी पडला, भात कापाय कोण न्हवतं. सुटणारच हुती.”  “पर त्या आठवड्यात तुम्ही वारं शिकवलासा. मोसमी वारं. दाराला कान लावून ऐकाय बघिटलं, पर वारं काय भायेर ऐकू येत न्हवतं. ते माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच.”

बाईंना वाटलं होतं ती शिव्या देईल, निदान टोमणा तरी मारेल. त्याला उत्तर देता आलं असतं.  त्या तशाच उभ्या राहिल्या. बस वळणावर हेलकावली तेव्हा अवंतिकेने उठून त्यांचा हात धरला.

“बाई, बसा,” ती हळूच म्हणाली. “एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्हाला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही बर्फ बघितलेला नाही, हे. सगळ्या वर्गाला माहीत होतं. मोठ्या बहिणी सांगायच्या, दर वर्षी तुमचा गाव बदलायचा, वडिलांची टोपी बदलायची. मधल्या सुट्टीत आम्ही नकला करायचो.”

आणि बाई पेटल्या. मघाचा सगळा राग, त्याला तोंड सापडल्यासारखा, उसळून वर आला. माइक चालू आहे हेही त्या विसरल्या.

“माहीत होतं? सत्तेचाळीस मुली होतात तुम्ही! सत्तेचाळीस! तू मॉनिटर होतीस! शिक्षिका डोळ्यांदेखत खोटं शिकवते आणि तुम्ही वहीत उतरवून घेता? एकीला, एकीला तरी उठून बोलावंसं वाटलं नाही?”

अवंतिकेने त्यांचा हात सोडला नाही. तिने एकदा मागे, पातेल्यांकडे बघितलं.

“एक बोलली होती की, बाई,” ती म्हणाली. “ती बाहेर उभी होती. आम्हाला खिडकीतून दिसत होती.”